पासपोर्टावरचा मुहूर्त

पत्र लिहिणारी २८ वर्षांची आहे. घर साताऱ्याजवळच्या गावात, नोकरी हिंजवडीत, राहायला औंधला मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिचा जोडीदार पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातला, ख्रिस्ती, पुण्यात शिकायला आलेला. अडीच वर्षांपासून दोघं एकत्र आहेत. त्याचं एम.एस्सी. पूर्ण झालंय आणि पत्र लिहिलं त्या दिवसापासून ४७ दिवसांनी त्याचा विद्यार्थी व्हिसा संपतोय. धर्म बदलायचा नाही आणि धार्मिक विधीही नकोत, यावर दोघांचं एकमत आहे. मित्र म्हणतात, ‘आळंदीला जाऊन उरकून टाका.’ एक मैत्रीण म्हणते, ‘तो व्हिसासाठीच करतोय.’ हिचा बेत असा, की आत्ता फक्त कागदोपत्री लग्न करायचं आणि वर्षभरानं घरच्यांना सांगून रीतसर. वडील निवृत्त शिक्षक. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. शेवटी ती विचारते, ‘ताई, लग्न केलं नाही तर तो जाईल, आणि गेला की गेला. करून टाकू ना?’

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, शेवटच्या वेळी हातात पेन घेऊन. व्हिसा संपायची तारीख त्यात पाच ठिकाणी आहे, दोनदा तर अधोरेखित. त्याला काय वाटतं ते मात्र एका वाक्यात आटोपलंयस: ‘तो म्हणतो, तू म्हणशील तसं.’ अगं, आपल्या घरांतून हे उत्तर किती अर्थांनी दिलं जातं! आज भाजी कुठली करू, यालाही तेच आणि घर विकायला काढू का, यालाही तेच. पहिल्यात माया असते. दुसऱ्यात बऱ्याचदा भीती असते, नाहीतर संकोच. परक्या देशात, खोली सोडायची तारीख ठरलेली असताना, जिच्यावर प्रेम आहे तिनंच लग्नाचा विषय काढल्यावर तो ‘नको’ कसा म्हणेल? आणि ‘हो’ म्हणाला तर तुझी मैत्रीण काय म्हणेल, हेही त्याला कळत असणार.

त्याकडे परत येऊच. आधी हिशेब मांडते, कारण तुझी सगळी घाई ज्यावर उभी आहे तेच हिशेबात डळमळतंय.

धर्म न बदलता, विधी न करता लग्न करायचं म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. आपण ज्याला रजिस्टर लग्न म्हणतो ते. आधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ‘आम्ही लग्न करणार आहोत’ अशी नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. ती अट तू पुरी करतेस. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागली की ३० दिवस थांबायचं. ४७ मधून ३० गेले, उरले १७. या सतरा दिवसांत काय काय बसवायचंय ते बघ. नोटीस देण्याआधी तो अविवाहित असल्याचं, लग्नाला अडचण नसल्याचं त्याच्या दूतावासाचं प्रमाणपत्र, आणि दूतावास दिल्लीत. पत्त्याचे पुरावे, भाडेकरार, तीन साक्षीदार. मग लग्न झाल्यावर प्रमाणपत्र हातात घेऊन परदेशी नागरिक नोंदणीच्या संकेतस्थळावर व्हिसा बदलून मागायचा अर्ज, तोही जुना व्हिसा जिवंत असतानाच. त्यात शनिवार-रविवार आले. आणि कुणी हरकत घेतली, तर विवाह अधिकाऱ्याला चौकशीसाठी आणखी ३० दिवसांपर्यंत मुदत मिळते. ‘मुलगा आम्हाला पसंत नाही’ ही हरकत कायद्यात बसत नाही, वय, आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं असलीच मोजकी कारणं चालतात. पण पोकळ हरकतसुद्धा दिवस खातेच. (पोकळ हरकत घेणाऱ्याकडून जास्तीत जास्त १,००० रुपये भरपाई घेता येते. चोपन्न साली या रकमेचा धाक वाटत असेल.)

म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी काटावर. आणि सरकारी कामात सगळं सुरळीत होईल असं धरून लग्नाची तारीख काढणं म्हणजे ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’. तुमच्या बाबतीत बाशिंग व्हिसानं बांधलंय, एवढाच फरक.

‘चार दिवस इकडे-तिकडे झाले तर काय बिघडतं?’ असं तू पत्रात सहज लिहून गेलीयस. बिघडतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. मुदत संपल्यावर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. प्रत्येकाला तुरुंगातच टाकतात असं नाही. पण त्याच्या पासपोर्टाच्या इतिहासावर तो डाग राहील, आणि पुढे नवरा म्हणून व्हिसा मागताना तीच फाईल उघडली जाईल.

आता आळंदी. तुझ्या मित्रांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला वाईट आहे. ज्ञानोबांच्या गावात मंगल कार्यालयांची रांग आहे, सकाळी गेलात तर दुपारी हार घालून, फोटो काढून बाहेर पडाल, हे खरं. पण तिथं लागतं ते हिंदू पद्धतीचं लग्न, आणि हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. एक हिंदू, एक ख्रिस्ती अशा जोडप्यानं त्या कायद्याखाली केलेलं लग्न वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलंय. मग कुणीतरी एजंट सांगेल, ‘एका दिवसात शुद्धी करून देतो, प्रमाणपत्रासकट.’ ज्या माणसाला धर्म बदलायचा नाही त्याच्याकडून व्हिसासाठी तो बदलून घेणं, आणि मग व्हिसाच्या चौकशीत अधिकाऱ्यासमोर त्याला ते पाठ म्हणायला लावणं, ही संसाराची सुरुवात मला तरी बघवणार नाही.

आणि ‘फक्त कागदोपत्री’ म्हणजे काय गं? तुझ्या पत्रातला हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. कायद्याच्या लेखी सगळी लग्नं कागदोपत्रीच असतात, आणि कागदावर झालेलं लग्न पुरतं लागलेलं असतं. उद्या काही बिनसलं तर रबरानं खोडता येत नाही. या कायद्याखाली लग्नानंतर एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच सहसा करता येत नाही. परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. शिवाय व्हिसासाठी पोलीस चौकशी होते ती तुम्ही खरोखर एकत्र नांदताय का हे पाहायला. शिपाई दाराशी येतो, शेजारच्या काकूंना विचारतो, दारावरची पाटी बघतो. पाटीवर तुझ्या दोन मैत्रिणींची नावं असताना तू त्यांना काय सांगणार आहेस?

आता ज्यानं तुझी खरी झोप उडेल ते सांगते. तू पुण्यात राहतेस, पण कायमचा पत्ता साताऱ्याचा. अशा वेळी नोटिशीची प्रत कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ही प्रसिद्धी ऐच्छिक ठरवली, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. आपल्याकडे त्यावर विसंबू नकोस. म्हणजे जमिनीच्या कामासाठी आलेला तुझ्या वडिलांचा एखादा माजी विद्यार्थी, नंबर यायची वाट बघत भिंतीला टेकून उभा असेल, आणि वेळ जात नाही म्हणून फलक वाचेल. तुझं नाव, शेजारी एक परकं नाव, परका देश. संध्याकाळी पारावर तो विचारेल, ‘सर, अभिनंदन बरं का, बोलला नाहीत!’

वर्षभर लपवायचा तुझा बेत तिथंच संपतो. वडिलांची परवानगी घे, असं मी म्हणत नाहीये. २८ वर्षांच्या बाईला ती लागत नाही. पण त्यांना फलकाच्या आधी तुझ्या तोंडून कळू दे. तू लिहिलंयस, ‘आई रंगावरून बोलेल, बाबा बोलणारच नाहीत.’ बोलेल आई. तिला ते बोलू दे, आणि तूही उत्तर दे. पहिल्या दिवशीच सगळं पटावं ही अपेक्षा मात्र ठेवू नकोस. तुला सवय आहेच म्हणा: पुण्यात त्याच्यासाठी खोली शोधताना अकरा घरमालकांनी फोनवर ‘या’ म्हणून दारात ‘भाड्यानं गेली’ सांगितलं, हे तूच मोजून लिहिलंयस. सुशिक्षित शहराचं हे तोंड तू पाहिलंयस. तुझ्या आईला निदान तू तोंडावर विचारू तरी शकतेस.

आता तो मुद्दा, ज्याबद्दल तुला कुणीच सावध केलेलं नाही. ‘तो तुला वापरतोय’ हे सांगायला सगळे आहेत. उलट बाजू कुणी बघत नाही.

माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. बायको आपल्याकडची, नवरा परदेशी. व्हिसा वाढवायची वेळ आली की तिची सही, तिचं पत्र, तिच्या ओळखपत्राची प्रत. भांडणं सगळ्यांची होतात तशी त्यांचीही व्हायची. एकदा कारण होतं ओल्या टॉवेलचं. तो गादीवर टाकायचा. शब्दानं शब्द वाढला आणि ती म्हणून गेली, ‘या वेळी मी सहीच करत नाही, मग बघते.’ दोन मिनिटांत तिलाच लाज वाटली, माफी मागितली, सहीही केली. पण त्यानंतर तो भांडेनासा झाला. टॉवेल दोरीवर जायला लागला, आवाज खाली आला, प्रत्येक गोष्टीला ‘तू म्हणशील तसं’. ती मला म्हणाली, ‘माझा नवरा गेला गं, पाहुणा राहिला.’ त्यांना ते सावरायला बरीच वर्षं लागली.

म्हणून तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी थबकले. तुमचं अजून लग्नही झालेलं नाही आणि तो आत्ताच पाहुण्यासारखं बोलतोय.

लग्नानंतर बराच काळ त्याचा इथला मुक्काम तुमच्या लग्नावर टेकलेला राहणार. आधी जोडीदाराचा एंट्री व्हिसा. नोंदवलेल्या लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया; नावात सिटिझन असलं तरी हे नागरिकत्व नव्हे) कार्डासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं की व्हिसाची कटकट जाते, नोकरीची वाट मोकळी होते. पण घटस्फोट झाला तर तेही कार्ड रद्द होऊ शकतं. भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर सात वर्षं इथं राहिलेलं असावं लागतं, आणि ते घ्यायचं म्हणजे स्वतःच्या देशाचं सोडायचं. तुझ्या त्या मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखव. इतक्या थोड्या लाभासाठी अडीच वर्षं कुणी नाटक करत बसेल, हे मला पटत नाही. तरी शंका तिची असो की तुझी, ती मनात कुजत ठेवू नकोस, साध्या मार्गानं फेडून घे. त्याच्या आईशी, भावंडांशी व्हिडिओवर बोललीयस का? शिक्षणाचं कर्ज किती, घरी पैसे पाठवावे लागतात का, तिकडे त्याच्याकडून काय अपेक्षा आहेत? स्थळ बघायला गेल्यावर आपले मामा-काका हेच विचारतात. तुझ्या वतीनं विचारायला कुणी नाही, म्हणून तूच मामा हो.

राहिलं ‘गेला की गेला’. हे तू कशावरून धरलंस? विमान सुटलं की नातं तुटलं, असं व्हायला तो काही पेशव्यांच्या मोहिमेवर निघालेला नाही. मला तर त्यानं वेळेत, स्वच्छ पासपोर्टानं परत जाणं हाच तुमच्यापुढचा सगळ्यात भक्कम रस्ता दिसतो. तिथून तीन वाटा निघतात.

पहिली मला जास्त आवडते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करता येतं. म्हणजे वडिलांशी बोलून झालं आणि दोघांचं ठरलं, तर त्यानं जाण्यापूर्वी दोघांनी मिळून नोटीस द्यायची, त्यानं मुदतीत घरी जायचं, आईवडिलांना सांगायचं, आणि तीस दिवस उलटल्यावर, तीन महिन्यांच्या आत, नवीन व्हिसा घेऊन लग्नासाठी परत यायचं. मुदत हुकली तर आभाळ कोसळत नाही, नोटीस नव्यानं द्यावी लागते एवढंच. दुसरी वाट म्हणजे तूच तिकडे जायचं आणि त्याच्या देशातल्या भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न करायचं. तिथंही नोटीस आणि तीस दिवसांचा मामला आहे, रजा साठवून ठेव. आणि तिसरी, काहीच न ठरवता सहा महिने जाऊ द्यायचे. हसू नकोस. फोनवरच्या सहा महिन्यांत माणूस कळतो, दोन्ही बाजूंनी.

त्याला इथं पुढे खरंच शिकायचं असेल, तर प्रवेश घेऊन विद्यार्थी व्हिसा वाढवता येईल. पण नुसतं नाव लावायला कुठल्यातरी कोर्सची फी भरू नका; असे कोर्स विकणारे भेटतीलच. नोकरीच्या व्हिसाला बहुतेक कामांसाठी वर्षाला १६.२५ लाख पगाराची खालची मर्यादा आहे. नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला ती उंचच.

अजून एक, गावाकडची चर्चा सुरू झाली की हमखास येणारं. ‘रजिस्टर लग्न करून परधर्मात गेलीस, आता जमिनीत वाटा नाही,’ असं कुणीतरी म्हणेल. या कायद्याखाली अहिंदूशी लग्न केलं की तू एकत्र कुटुंबातून वेगळी झालीस असं धरलं जातं, हे खरं. पण वेगळी निघालीस म्हणून वारसा हक्क बुडत नाही, आणि तू कुठल्या परधर्मातही जात नाहीस. पुढे तुझ्या स्वतःच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा लागेल एवढं ध्यानात ठेव. कुठल्याही हक्कसोडपत्रावर घाईत सही करू नकोस, मग समोर भाऊ रडत बसलेला असला तरी.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही दोन गोष्टी. दूतावासाचं प्रमाणपत्र आधी मागवा, नोटिशीचं नंतर बघा. गाडी बहुधा तिथंच अडते. आणि जोडीदाराच्या देशाचा कायदा तुमच्याबद्दल काय म्हणतो तेही विचारा. इराणसारख्या देशात परदेशी बायकोला नवऱ्याचं नागरिकत्व लग्नानंच मिळतं, आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. पुण्यात इराणी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या येताहेत, तेव्हा हा प्रश्न दिसतो तितका दूरचा नाही. सही करण्याआधी वकिलाला तासाभराची फी द्या. मीही हे कलमांचं सगळं एका वकील मैत्रिणीकडून तपासून घेतलंय, आणि तिनं माझ्या दोन चुका काढल्या.

आता पुन्हा त्याच्याकडे. या रविवारी त्याला घेऊन कुठंतरी बस, पाषाण तळ्यावर बस, आणि तारखेचा उल्लेखही न करता विचार: ‘तुझा व्हिसा आणखी तीन वर्षांचा असता, तर आपण लग्न कधी केलं असतं?’ ‘तू म्हणशील तसं’ हे उत्तर घ्यायचं नाही, महिना आणि साल सांगायला लाव. तूही सांग. त्याआधी नोटीस वगैरेबद्दल त्याला काही सांगू नकोस. उत्तर ‘याच वर्षी’ आलं, तर पहिली वाट धरा. ‘नोकरी लागल्यावर’, ‘माझी आई आल्यावर’ असं आलं, तर तेही उत्तरच आहे, आणि मला ते चांगलंच वाटेल. त्यानं स्वतःचं काहीतरी म्हटलं असेल.

सातारला तू एकटी आधी जा. त्याला दुसऱ्या खेपेला ने. तू ताजा कलम म्हणून लिहिलंयस, की बाबांसाठी त्यानं मराठी वाक्य पाठ केलंय: ‘काका, बसा.’ उच्चार छान असेल, शंकाच नाही. फक्त त्याला एवढं सांग, की घर काकांचं आहे, तेव्हा ‘बसा’ ते म्हणतील. त्यानं चपला बाहेर काढाव्यात आणि वाट बघावी.